यमुनाबाईची साडी

"साडी सोडा, ताई."

ड्रेसवाली शोभा समोर उभी होती. हातात माझ्यासाठी आणलेला गाऊन. सकाळची वेळ. मी पूर्ण तयार. हिरवी इरकल नऊवारी, अंबाडा, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. तोंडात संवाद घोळत होते. दिंद्रुड गावाच्या बाहेर रस्त्याला लागून एक नवा बंगला आहे, त्याच्या मागच्या खोलीत बसून मी शूटिंगच्या बोलावण्याची वाट बघत होते.

"कावून?" मी विचारलं.

शोभा माझ्याकडे बघेना. पुण्याची पोरगी, स्वभावानं चांगली. रोज सकाळी माझ्या निऱ्या धरताना तिच्या घरच्या गोष्टी सांगायची. त्या दिवशी गाऊनची घडी उलगडत आणि परत घालत राहिली.

"सर म्हणाले. देवघराचा सीन दुसऱ्या बाईवर घेणारेत. पाठमोरा. तुम्हाला बाहेर बसायला सांगितलंय. साडी एकच आहे ना, म्हणून."

"दुसरी बाई कोन?"

"इथल्याच. मालकांच्या सूनबाई."

म्हणजे असं. माझ्या अंगावरची साडी काढून मालकांच्या सुनेला नेसवायची. तिनं देवासमोर दिवा लावायचा. कॅमेऱ्याकडे पाठ करून. बघणाऱ्याला वाटणार, मीच आहे. आणि मी तोवर गाऊन घालून परसात बसायचं.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला राग आला नाही. इतकी वर्षं सेटवर कुणी काही सांगितलं की करायचं, हेच अंगात मुरलेलं. उठा म्हटलं की उठायचं. थांबा म्हटलं की थांबायचं. का, हे विचारायची सवयच नाही. माझा हात खांद्यावरच्या पिनेकडे गेलासुद्धा. पिन अर्धी निघाली.

मी नटी आहे. तुम्ही मला पाहिलंय. नाव सांगितलं तर ओळखणार नाही, पण पाहिलंय नक्की. मालिकेत दिवाणखान्यात भांडण रंगात आलेलं असतं. सासू ओरडते, सून रडते. तेवढ्यात आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन येते, टेबलावर ठेवते, सगळ्यांची तोंडं बघते आणि निघून जाते. ती मी. दवाखान्यात फरशी पुसताना नायकाला रस्ता करून देणारी, ती मी. अपघात झाल्यावर गर्दीत "अगं बाई" म्हणून तोंडावर पदर घेणारी, तीही मीच. माझ्या भूमिकेला कधी नाव नसायचं. कामवाली. बाई. भाजीवाली. मेलेल्याची आई. एवढंच.

दिग्दर्शक लोक म्हणायचे, "तुमचा चेहरा किती अस्सल आहे हो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हरखून गेले होते. मग हळूहळू कळलं, त्यांच्या भाषेत अस्सल म्हणजे काय. अस्सल म्हणजे काळी. अस्सल म्हणजे गरीब. अस्सल म्हणजे हिच्या हातात झाडू दिला की वेगळं काही करायला लागत नाही. डॉक्टरीण, वकील, मास्तरीण यांच्यासाठी त्यांना अस्सल चेहरा नको असायचा. तेव्हा गोरा लागायचा.

एका सेटवर कॅमेऱ्याच्या टीममध्ये सिनेमाचं शिक्षण घेतलेली एक मुलगी होती. जेवताना ती मला अमेरिकेतल्या जुन्या सिनेमांबद्दल सांगत होती. तिथला तो सोन्याचा काळ म्हणे. मोठमोठे स्टुडिओ, मोठमोठ्या हिरोइनी. आणि त्या हिरोइनींच्या मागं उभ्या असणाऱ्या काळ्या बायका. ती म्हणाली, "ताई, त्यातल्या कितीतरी जणी हिरोइनीपेक्षा भारी नट्या होत्या. पण जन्मभर मोलकरणीच केल्या."

"त्यांच्याबी हातात ट्रेच का?" मी विचारलं.

"ट्रेच."

मी हसले. ती हसली नाही. मग माझाही घास तोंडात फिरायला लागला. इतक्या लांब, इतक्या वर्षांमागं, त्या बायकाही असंच दाराआड उभं राहून आपल्या ओळीची वाट बघत असतील. एक ओळ. "चहा आणलाय." आणि परत आत. कुणी विचारलं असेल का त्यांना, तुला काय काय येतं म्हणून? मला तर कुणी विचारलं नव्हतं.

आणि मला येत होतं. माझं गाव तेलगावच्या जवळ. माझे वडील ऊसतोडीला जायचे आणि परत आले की आमच्या वस्तीचं कलापथक चालवायचे. जयंतीला भीमनगरात फळ्या टाकून स्टेज व्हायचं. वडील स्वतः नाटक लिहायचे, स्वतः बसवायचे. त्या फळ्यांवर मी राणी झाले, कलेक्टर झाले, कोर्टात उभी राहून न्यायाधीशाला प्रश्न विचारणारी वकीलीण झाले. आमच्या लोकांनी कधी म्हटलं नाही की ही काळी पोर राणी कशी. राणी म्हटलं की राणी. खाली बसलेल्या बायका डोळे पुसायच्या.

शाळेच्या गॅदरिंगला मात्र गुरुजी माझ्या हातात खराटा द्यायचे. दरवर्षी. राजकन्येचे संवाद मला पाठ असायचे, राजकन्या झालेली पोरगी अडली की मी मागून सांगायचे. एकदा धीर करून म्हटलं, गुरुजी, मी करते राजकन्या. गुरुजी म्हणाले, "जे शोभतं ते करावं." सगळा वर्ग हसला. मी पण हसले, कारण एकटीनं न हसता उभं राहायला लई जड जातं.

तर अशा माणसाला वयाच्या पंचेचाळिशीत यमुनाबाई मिळाली.

मालिका आमच्याच भागातली. मोठं शेतकरी घर, भावाभावांची वाटणी, आणि त्या घराची मालकीण यमुनाबाई. मी गेले होते मोलकरणीसाठी. पण यमुनाबाई करणारी बाई वेळेवर आली नाही, आणि दिग्दर्शक समीर कंटाळून म्हणाला, "तुम्ही वाचून दाखवा, आम्हाला कॅमेऱ्याचा अंदाज येईल." देवघराचा सीन होता. यमुनाबाई देवासमोर बसून दिवा लावते आहे. मागं दोन मुलगे. धाकटा मुलगा मेलाय, त्याच्या बायकोला वाटा द्यायचा नाही असं या दोघांनी ठरवलंय. ते बोलत राहतात. यमुनाबाई काही बोलत नाही. वात सारखी करते. आणि मग वळते. वळून म्हणते, "त्या पोरीचा वाटा काढल्याबिगर या घरात चूल पेटायची न्हाई."

सगळा सीन त्या वळण्यात होता. पाठ बोलत नाही, बोलतो तो वळलेला चेहरा. मी वळले. ते वाक्य म्हटलं. समीर म्हणाला, "यमुनाबाई मिळाली."

आईला फोन केला. आईनं एकच विचारलं, "नाव हाय का तिला?"

"हाय. यमुनाबाई."

आई संध्याकाळपर्यंत सगळ्या भीमनगरात सांगून आली.

शूटिंग सुरू झालं. पहिले काही दिवस बाहेरचेच सीन होते. अंगणातले, शेतातले, पुढच्या दारातले. बंगल्याच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणायचे. काकू हौशी. खुर्ची टाकून शूटिंग बघायच्या. पहिल्याच दिवशी माझ्या नाकातली शूटिंगची नथ बघून म्हणाल्या, "हे काय खोटं खोटं घातलंय बाई? पाटलीण हाय ना तुमी?" आणि आत जाऊन स्वतःची मोत्यांची नथ घेऊन आल्या. स्वतःच्या हातानं माझ्या नाकात घातली. मागं सरकून बघितलं. "आता कसं! आमच्या सासूबाईच उभ्या राहिल्यावानी वाटतंय."

दुपारी त्या मला शेजारी बसवून घ्यायच्या. सुपारी कातरून द्यायच्या. त्यांना वाटलेलं, मी पुण्यामुंबईची. मी आमच्या बोलीत बोलले तर त्यांना केवढा आनंद. "अगं बाई, तुमी इकडच्याच की! गाव कोन्तं?"

मी गाव सांगितलं.

"तिथं तर माजी बहीण दिलीय. कुन्या घरच्या तुमी?"

आमच्याकडे ही विचारपूस अशीच चालते. आधी गाव. मग घर. मग आळी. विचारणारा गोड बोलत असतो आणि एकेक पायरी उतरत असतो. ज्याला विचारतात त्याला पहिल्या प्रश्नालाच कळतं की ही वाट कुठं जाते. कुणी मध्येच विषय बदलतं. कुणी आजोळचं सांगतं. मी वडिलांचं नाव सांगितलं. म्हटलं, भीमनगरात घर आहे आमचं. लपवायचं काय त्यात? माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नाही.

काकूंचा अडकित्ता थांबला. मग त्या उठल्या आणि काहीतरी उतू जातंय असं म्हणून आत गेल्या. त्या संध्याकाळी परत बाहेर आल्या नाहीत. नथ माझ्या ट्रंकेत राहिली. दुसऱ्या दिवशी देवघराचा सीन होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती नथ घालून, तयार होऊन बसले, आणि शोभा गाऊन घेऊन आली.

पिन अर्धी निघालेली. तेवढ्यात समीर आला. तिशीचा माणूस, गळ्यात हेडफोन, बोलणं मऊ.

"ताई, समजून घ्या. घर त्यांचं, देवघर त्यांचं. रात्रीपासून मालक अडून बसलेत. म्हणतात, अंगणात काय करायचं ते करा, देवघरात नाही. मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मंग त्यान्ला सांगा की."

"सांगितलं आणि लोकेशन गेलं तर? सगळी मालिका या बंगल्यात आहे." त्यानं आवाज अजून खाली आणला. "हे बघा, तुमचं नुकसान काहीच नाही. आवाज तुमचाच राहणार. फक्त पाठ त्यांची."

"अन् वळायचं?"

"वळणं कापू. पाठमोरंच ठेवू. उलट गूढ वाटेल."

हा तोच माणूस, जो त्या वळण्यावर म्हणाला होता, यमुनाबाई मिळाली.

मग तो म्हणाला, "आणि ताई, तुम्ही तर बौद्ध. तुमचा देवावर विश्वासही नाही. मग एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं?"

त्याला वाटलं, फार बिनतोड बोललो. चेहऱ्यावर दिसतच होतं. मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही याचा मला अजून संताप येतो. आता सुचतं. आमच्या घरात देव नाहीत, बरोबर आहे. माझ्या आजीनं देव्हारा उचलून गावाबाहेर नेऊन ठेवला आणि परत मागं बघितलं नाही. पण यमुनाबाईच्या घरात देव आहेत. मी खुनी बाईचं काम केलं तर खरा खून करते का? सेटवर दारू पिणारे नट काय खरी दारू पितात? मला देवाला हात लावायचा नव्हता रे बाबा. मला माझं काम करायचं होतं. तुझ्या मालकाला माझा देवावर विश्वास आहे की नाही याच्याशी काही घेणं नव्हतं. त्याला माझ्या हाताशी घेणं होतं.

पण तेव्हा माझा हात पिनेवर तसाच.

काकू दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याच्या पलीकडेच थांबल्या. हातात स्टीलची ताटली. ती त्यांनी पुढं केली.

"नथ तेवढी यात ठिवा."

याच बाईनं स्वतःच्या हातानं ती माझ्या नाकात घातली होती. आता तिला ती माझ्या हातातून घ्यायची नव्हती. मी नथ काढली. ताटलीत ठेवली. टण्ण आवाज झाला. काकूंनी ताटली लांब धरून शोभाकडे दिली, शोभानं ती सुनेकडे. सून त्यांच्या मागंच उभी होती. चोवीस-पंचवीसची, तोंडाला पावडर लावून तयार. टीव्हीवर दिसणार म्हणून तिला आनंद झालेला, आणि तो लपवायचा कसा हे कळत नव्हतं तिला. तिचा मला राग आला नाही. पाठच दिसणार होती बिचारीची, तरी पावडर तोंडाला लावली होती.

मग ती सासूला म्हणाली, अगदी साधेपणानं, "आत्याबाई, पन साडीबी त्यांच्याच अंगावरची हाय. ती नेसून देवापुढं बसू का?"

हा विचार कुणी केलाच नव्हता. समीरनं कपाळाला हात लावला. साडी एकच. आधीच्या सगळ्या सीनमध्ये तीच दिसलेली. दुसरी आणायची तर पुण्याहून.

काकूंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "थांबा." आणि आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. गोमूत्र.

"हितंच शिपडून घ्या साडीवर. मंग सोडू द्या तिला."

तिला. काल तुमी होते, आज ती झाले.

आणि साडी तर अजून माझ्या अंगावर होती. म्हणजे मी उभं राहायचं, त्यांनी माझ्यावर शिंपडायचं, आणि मग मी साडी सोडून द्यायची. समीर बघतोय. शोभा बघतेय. दाराबाहेर लाईटवाले, मेकअपवाले, माझे मुलगे झालेले ते दोघे नट, सगळे. एकानंही "अहो काय हे" एवढंसुद्धा म्हटलं नाही. सगळ्यांना एकच घाई होती, ऊन वर चढायच्या आत सीन झाला पाहिजे.

रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. खराटा हातात घेऊन वर्गाबरोबर हसणारी ती पोरगी आठवली आणि मला तिची चीड आली. कशाला हसलीस गं? मी पिन परत आत खोचली. नीट लावली. पदर सारखा केला. कासोटा घट्ट आहे की नाही, हातानं बघून घेतला.

"न्हाई सोडत," मी म्हटलं.

"ताई..." समीर.

"न्हाई सोडत मी साडी. मला यमुनाबाई तुमी दिलीय. दिवा लावीन तर मी लावीन. न्हाईतर यमुनाबाईच्या घरात दिवा लागनार न्हाई."

"ताई, तमाशा नको आता."

"तांब्या मी आनला का?"

काकूंनी तांब्या पदराआड घेतला. समीरचा मऊपणा संपला. "याचा परिणाम काय होईल, माहीत आहे ना? या धंद्यात गोष्टी पसरतात. परत कोण बोलावेल तुम्हाला?"

"ट्रे धरायला बाया लई मिळतील तुमाला," मी म्हटलं आणि उठले.

मागच्या दारानं गेले नाही. बैठकीतून गेले, पुढच्या दारानं. याच दारातून यमुनाबाई म्हणून मी चार दिवस आत-बाहेर केलं होतं. काकू उंबऱ्यावरून झटक्यात बाजूला झाल्या. लाईटवाल्यांनी वायरी उचलून वाट दिली. कुणी अडवलं नाही. मी फाटकाबाहेर आले, रस्त्यावर आले आणि कडेला उभी राहिले.

तेलगावकडे जाणारी जीप आली. खच्चून भरलेली. ड्रायव्हरनं मला बघितलं, काठापदराची नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला म्हणाला, "ए, उठ बे. काकूला बसू दे." माणूस मुकाट्यानं उठून मागं लटकला. ड्रायव्हरनं सीट फडक्यानं झटकली. जन्मात कधी जीपमध्ये मला कुणी पुढं बसवलं नव्हतं. त्या क्षणी हसू की रडू, कळेना.

थोडं पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, "कोन्त्या पाटलाच्या तुमी, काकू?"

परत तीच वाट. गाव, घर, आळी.

"भीमनगरातली हाय मी," मी मोठ्यानं म्हटलं, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. "अन् सीट सोडनार न्हाई."

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. मग गाडीचा गिअर बदलला. तेलगाव येईपर्यंत मी पुढच्याच सीटवर होते.

मालिकेत यमुनाबाई मेली. पंधरा दिवसांत मारून टाकली तिला. आजारपण नाही, शेवटचा संवाद नाही. एका भागात जिवंत, पुढच्या भागात भिंतीवर फोटो. फोटो माझाच. हिरवी इरकल, नथ, वर चंदनाचा हार. त्याच बैठकीत, देवघराच्या दाराशेजारी. आणि रोज सकाळी मालिकेतली सून येऊन त्या फोटोला हात जोडते. ज्या घरात माझा हात चालला नाही, तिथं माझा मेलेला चेहरा चालला.

आई तो भाग बघत होती. हार दिसला आणि ती ताडकन उठली. "जित्त्या लेकराला हार घालत्यात व्हय? हात झडले न्हाईत का ह्यांचे?" टीव्ही बंद केला तो परत लावला नाही. शेजारणी आल्या समजूत घालायला, खोटं असतंय गं ते म्हणाल्या. आई म्हणाली, "मला कळतंय खोटं काय अन् खरं काय. तांब्या खरा व्हता."

मी पोलिसांत तक्रार दिली. जे झालं ते सांगितलं, जसं झालं तसं. साक्षीदार कोण, असं विचारलं. मी नावं दिली. समीर म्हणाला, गैरसमज झाला, ताईंच्या तब्येतीमुळे सीन बदलावा लागला. मालिकेतल्या माझ्या दोन मुलग्यांना काही आठवत नाही. काकू म्हणाल्या, आम्ही तर तिला आमची नथ घालायला दिली होती, भेदभाव असता तर दिली असती का? तेही तिथं लिहून घेतलं गेलं. शोभाला मी फोन केला. तिनं उचलला नाही. मग तिचा मेसेज आला, "ताई, मला माफ करा, मला अजून काम करायचंय." मला तिला काही म्हणता आलं नाही. मीही तेच करत आले होते, इतकी वर्षं.

आणि मग कंपनीनं माझ्यावर तक्रार केली. साडी चोरली म्हणून.

पोलीस ठाण्यातल्या एका जमादारानं मला समजावलं. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "बाई, साडी दिऊन टाका. ते त्यांची तक्रार मागं घेतील, तुमी तुमची घ्या. मिटवून टाका. कशाला हेलपाटे?"

तीन दिवसांपूर्वी प्रॉडक्शनच्या मॅनेजरचा फोन आला. आवाजात साखर. "ताई, झालं गेलं विसरा. साडी पाठवून द्या आणि तो विषय बंद करा. नवीन मालिका येतेय. मोठं काम आहे तुम्हाला. सगळ्या भागांत."

"कसलं काम?"

"घरातलीच बाई. जुनी, विश्वासू. घरच्यासारखी."

"नाव काय तिचं?"

तो अडखळला. "नाव... ते ठेवू काहीतरी."

"अन् हातात ट्रे हाय का?"

मी फोन ठेवला.

मला भीती वाटत नाही असं नाही. काम बंद आहे. फोन येत नाहीत. येतात ते समजावणारे. आपलेच लोकसुद्धा म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी. एवढीशी? मला यमुनाबाई एकदाच मिळाली. परत मिळेल की नाही माहीत नाही. पंचेचाळीस वर्षं वाट बघून एक वळणं मिळालं होतं, तेवढंच कापलं त्यांनी. मला त्याचा राग आहे आणि तो जात नाही. जाऊ पण नये.

उद्या सकाळी ठाण्यात साडीच्या तक्रारीवर माझा जबाब आहे. साडी बरोबर घेऊन या, असं सांगितलंय. नेणार आहे. पिशवीत घालून नाही. नेसून नेणार आहे. आत्ता ट्रंकेतून काढून, इस्त्री करून, दोरीवर टाकलीय. आई विचारते, धुतली का? नाही धुतली. धुणार पण नाही. मी नेसलेली साडी आहे ती, तिला काही झालेलं नाही.

जबाब घेणाऱ्यापुढं जाऊन उभी राहणार. तो मान वर करीपर्यंत थांबणार. मग सगळं सांगणार, नथ, ताटली, तांब्या, एकेक. त्यानं साडी जमा करा म्हटलं तर सांगणार, आधी माझं सगळं लिहून घ्या, खाली माझी सही घ्या. आणि सगळ्यात वर लिहा की ही साडी या बाईनं सोडली नाही.